मॉन्ट्रियलमधली परप्रांतीय

'प्रगत देशांत कुणी भाषेची सक्ती करत नाही. तिथे गुणवत्तेला मान असतो.' हे वाक्य आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्यांदा पडलं ते जुलै 2025 मध्ये. पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय सरकारने नुकतेच मागे घेतले होते, वरळीला दोघे ठाकरे बंधू एका मंचावर आले होते, आणि मीरा रोडला एका दुकानदाराच्या कानाखाली वाजवल्याचा व्हिडिओ ज्याच्या त्याच्या फोनवर फिरत होता. वाक्य टाकणारा मित्र आमच्याच डोंबिवलीचा. आता बाणेरला असतो, आणि परदेश म्हणजे त्याच्या हिशेबी दुबई आणि सिंगापूर, तेही कंपनीच्या खर्चाने. तेव्हापासून विषय निघाला की तो हेच वाक्य चिकटवतो. गणपतीत चिकटवलं, महापालिकेच्या निवडणुका लागल्या तेव्हा चिकटवलं. मी काही लिहिलं की लगेच दुसरं कुणीतरी येतं : 'तू तिकडे बसून मराठीचा पुळका आणू नकोस.'

तर तिकडे बसून, तिकडचंच सांगते.

मी राहते त्या मॉन्ट्रियलमध्ये, म्हणजे कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, मेट्रोमध्ये पुढच्या स्टेशनचं नाव फक्त फ्रेंचमध्ये पुकारतात. घरभाड्याचा करार फ्रेंच, विजेचं बिल फ्रेंच. 1 जून 2025 पासून दुकानाच्या पाटीवर इतर भाषेतला मजकूर असेल तर फ्रेंचने त्याच्या दुप्पट जागा व्यापली पाहिजे, असा नियम आहे. 25 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या कंपनीला सरकारदरबारी नोंदणी करून आपल्या कारभारात फ्रेंच कितपत चालते ते सांगावं लागतं. स्थलांतरितांशी इथे आल्यापासून पहिले सहा महिने सरकार इंग्रजीत बोलेल. त्यानंतर आरोग्य, सुरक्षा, न्याय असे काही अपवाद सोडले तर फ्रेंच. बाहेरून आलेल्याचं पोर सरकारी शाळेत जाणार असेल तर फ्रेंच शाळेतच जाणार. 2017 मध्ये इथल्या विधानसभेने एकमताने ठराव केला, की दुकानदारांनी गिऱ्हाइकाला 'बोंझूर-हाय' म्हणू नये, नुसतं 'बोंझूर' म्हणावं. एकमताने! आपल्याकडे आमदारांचं पगारवाढीखेरीज कशावर एकमत झाल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. बाणेरकरांचं उत्तर आलं, 'ते वेगळं आहे.'

काय वेगळं आहे? 1960 पर्यंत या शहरात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे, आणि बँका, कारखाने, मोठी दुकानं इंग्रजांच्या हातात. आपल्याच गावातल्या दुकानात आपल्याच भाषेत मोजे मागायची चोरी. पुढे केंद्र सरकारच्या आयोगाने 1961 च्या जनगणनेचे आकडे मांडले तेव्हा क्वेबेकमध्ये कमाईच्या उतरंडीत फ्रेंच माणूस जवळजवळ तळाशी निघाला. गिरणगावातून काचेचे मनोरे बघणाऱ्याला हे समजावून सांगायला लागू नये. फरक इतकाच, की इथे 1977 मध्ये रेने लेव्हेकच्या सरकारने 'लॉ 101' आणला आणि फ्रेंच ही पोटाची भाषा करून टाकली. शाळा, कचेरी, कारखाना, पाटी, सगळं एका फटक्यात. शेजारी-पाजारी जवळजवळ सगळीकडे इंग्रजी, आणि मध्ये हा एक प्रांत आजही फ्रेंचमध्ये भांडतोय, कर्ज काढतोय, घटस्फोट घेतोय. आपला राजभाषा अधिनियम 1964 चा, म्हणजे यांच्याही आधीचा. शिवाय ऑक्टोबर 2024 मध्ये अभिजात दर्जाही मिळाला. बीकेसीतल्या कुठल्याही इमारतीत शिरून पाहा, दोन्हींचा किती उपयोग होतो ते.

माझा मुद्दा साधा आहे. इथे सगळ्यात जड ओझं सरकारवर आणि कंपनीवर टाकलंय. आपल्याकडे ते वडापाववाल्यावर, रिक्षावाल्यावर, टोलनाक्यावरच्या पोरावर टाकतात. खळ्ळखट्याक करायला वडापावची गाडी सापडते, कॉर्पोरेट मनोऱ्याच्या दाराशी कसं करणार? तिथे सिक्युरिटी असते.

आणि शिकवण्याचं काय? मी संध्याकाळी फ्रेंचच्या वर्गाला जाते. सरकारी, फुकट. आमची शिक्षिका अल्जीरियाची, शेजारी एक इराणी दंतवैद्य जो सध्या गोदामात काम करतो, पलीकडे लासालहून येणारी पंजाबी मुलगी, मागच्या बाकावर दोन कोलंबियन भाऊ. बारा पायऱ्यांची शिडी आहे, मी मधेच कुठेतरी लटकले आहे. मुंबईत नव्याने आलेल्या माणसाला कामावरून सुटल्यावर सरकारी खर्चाने मराठी शिकायचं असेल तर त्याने कुठल्या दारात जायचं, असं मी ग्रुपवर विचारलं. कुणीतरी अंगठा दाखवला, आणि मग 'शुभ रात्री'चं फूल आलं.

(इथलंही सगळं गोड नाही. 2024 च्या शरदात पैसे संपले म्हणून प्रांतभर कित्येक ठिकाणी हेच वर्ग मध्यातच बंद पडले. शिका, नाहीतर बघा, असंही म्हणायचं आणि फळाही काढून न्यायचा. पण हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. आपली बाजू आपणच कशाला पातळ करा?)

'मग उद्योग पळून जातील' हा बाणेरचा पुढचा बाण. गेले की! 1978 च्या जानेवारीत सन लाइफने मुख्यालय टोरांटोला हलवत असल्याचं जाहीर केलं, मागोमाग इतरही गेले, इंग्रजी बोलणारी हजारो कुटुंबं सामान बांधून चारशे एक हायवेला लागली. देशाचं आर्थिक केंद्र टोरांटोकडे सरकणं आधीच सुरू झालं होतं, या कायद्याने त्याला जोर आला. मी इथे येण्याआधी टोरांटोतच राहत होते, तेव्हा त्या पैशाची चमक पाहिली आहे. तिथे आम्ही एका बेसमेंटमध्ये राहायचो. इथे तिसऱ्या मजल्यावर, बाहेरून वळणाचा लोखंडी जिना असलेल्या घरात, तीन खोल्या आणि मागे गॅलरी परवडते. उद्योग गेल्याचा थोडा फायदा माझ्या भाड्याला झाला असेल तर मी का नाकारू?

मूर्खपणा इथेही होतो. 2013 मध्ये भाषा कार्यालयाच्या निरीक्षकाने एका इटालियन हॉटेलच्या मेन्यूवरच्या 'पास्ता' या शब्दावर हरकत घेतली. जगभर हसं झालं आणि कार्यालयाच्या अध्यक्षांना खुर्ची सोडावी लागली. आमच्याकडे निदान खुर्ची तरी जाते.

'आमच्याकडे' लिहून गेले, आता राहू दे.

कारण खरं सांगायचं तर त्या आमच्याकडच्या एका सरकारी खिडकीवर मी काय होते ते ग्रुपवर कधीच लिहिलेलं नाही. लेकाच्या कागदांसाठी गेले होते. सहा महिने उलटून गेले होते. खिडकीपलीकडे माझ्या मावशीच्या वयाची बाई, गळ्यात चष्मा. मी इंग्रजीत सुरुवात केली. तिने फ्रेंचमध्ये विचारलं, किती काळ झाला इथे? तेवढं मला कळलं, आणि मी खरं ते सांगितलं. त्यानंतर ती इंग्रजीचा एक शब्द बोलली नाही. येत नव्हतं असं नव्हे. माझ्या आधीच्या माणसाशी ती उत्तम इंग्रजीत बोलली होती, त्याचे सहा महिने बहुधा भरले नसावेत. माझ्याशी मात्र सावकाश, एकेक शब्द सुटा करून, हसऱ्या चेहऱ्याने फ्रेंच. मी दोन पदव्या घेतलेली, माणसं हाताखाली असलेली बाई, 'मुलगा', 'शाळा', 'कागद', 'उद्या' असे शब्द तोंडातल्या गरम भातासारखे इकडून तिकडे फिरवत उभी होते. मागे रांग. तिने काही वाईट केलं नाही. काम झालं, शेवटी 'ब्राव्हो, मादाम' असंही म्हणाली. कानाखाली कुणी वाजवली नव्हती, तरी मी बाहेर येऊन बसस्टॉपच्या आडोशाला हुंदके देऊन रडले.

आमच्या सोसायटीत एक वॉचमन होता, दरभंग्याचा. बाबा त्याच्याशी मराठीतच बोलायचे, मुद्दाम. त्यालाही मराठीतच उत्तर द्यायला लावायचे. 'आला पाहिजे मराठी, इथे पोट भरतो ना?' तो 'साहेब, पाणी आली' म्हणाला की आम्ही पोरं पुढचे आठ दिवस त्याची नक्कल करायचो. बाबांनी कधी आवाज चढवला नाही, त्याच्या मुलीच्या लग्नाला पैसेही दिले. ते बरोबरच होते असं मला आजही वाटतं. खिडकीवरची बाईही बरोबरच होती.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही शार्लव्वाच्या रस्त्याने तादूसाकला गेलो. ब-सँत-कॅथरीनला रस्ता संपतो, गाडीसकट फेरीत चढायचं, फुकट, दहा मिनिटांत सागने नदी ओलांडून पलीकडे. समोर सेंट लॉरेन्स नदी समुद्रासारखी पसरलेली आणि पाण्यात बेलुगा देवमाशांच्या पांढऱ्या पाठी. नवरा म्हणाला, रोरोने मांडव्याला चाललोय असं समज, फक्त कणीस मिळणार नाही. मुक्काम एका आजीबाईंच्या घरी होता. मॉन्ट्रियलमध्ये तुमचा उच्चार ऐकून लोक पटकन इंग्रजीवर येतात आणि मग शिकणाऱ्याची पंचाईत होते. तिथे तो प्रश्नच नव्हता, आजींना इंग्रजी येतच नव्हतं. सकाळी पॅनकेकवर मेपलचं सिरप ओतताना त्यांनी विचारलं, तुम्ही घरात बोलता ती हिंदी का? नाही, मराठी. किती लोक बोलतात? मी मोडक्या फ्रेंचमध्ये आकडा सांगितला, 2011 च्या जनगणनेत 8 कोटी 30 लाख. फ्रेंचमध्ये ऐंशी म्हणजे चार वेळा वीस, त्यात माझी गाडी दोनदा घसरली. आजींनी पातेलं खाली ठेवलं. आमचा अख्खा क्वेबेक 90 लाखांचा, त्या म्हणाल्या. आठ कोटी असून तुम्हाला भीती कसली?

मला उत्तर देता आलं नाही. फ्रेंच अपुरं पडलं असं नवऱ्याला सांगितलं. पण परतीच्या वाटेवर मराठीतही जमेना. इंग्रजी शाळेत जाणारी माझी सगळी भाचरं आठवली, 'इंटरनॅशनल' अक्षरांच्या निळ्या बस आठवल्या. त्या शाळांत मराठी विषय सक्तीचा आहे, 2020 चा कायदाच आहे, आणि त्या तासाला पोरं काय करतात तेही मला माहीत आहे. ती भाचरं तिथे कुणा परप्रांतीयाने पाठवलेली नाहीत. मी डोंबिवलीत राहिले असते तर माझा लेकही त्याच निळ्या बसमध्ये असता. इथे पर्याय नव्हता म्हणून तो पहिलीला 'क्लास दाक्कय'मध्ये, म्हणजे नव्याने आलेल्या पोरांना फ्रेंच शिकवणाऱ्या वर्गात, बसला आणि आता फ्रेंचमध्ये भांडतो. या सक्तीने निवड करण्यातून माझी सुटका केली. तशी सुटका तिथे कुणी केली असती तर मी कोर्टात गेले असते. घरात आम्ही मराठीच बोलतो. त्याला समजतं सगळं, उत्तर द्यायचं झालं की दोन भाषांचं काहीतरी करतो, आणि व्हिडिओ कॉलवर आजी 'काय म्हणाला गं?' असं मला विचारते. पार्क एक्स या इथल्या देशी वस्तीतल्या दुकानात कांदेपोह्यांचे पोहे, हळदीरामचे पुडे सगळं मिळतं, फक्त गल्ल्यावरच्या काकांशी बोलायचं ते हिंदीत. तिथे मी कधी हट्ट धरलेला नाही. इतक्या लांब हिंदी ऐकली की उलट बरं वाटतं. हेही ग्रुपवर लिहिलेलं नाही.

अजून एक आहे. 1995 मध्ये इथे कॅनडातून वेगळं व्हायचं का, यावर सार्वमत झालं. 50.58 टक्के 'नाही', 49.42 टक्के 'हो'. त्या रात्री 'हो'च्या बाजूचे तेव्हाचे मुख्यमंत्री पारिझो माइकवर म्हणाले, आपण हरलो ते पैशामुळे आणि परक्या वंशांच्या मतांमुळे. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा जाहीर केला, पण वाक्य राहिलं. आमच्या वर्गात आमच्या अल्जीरियन बाईंनी ते फळ्यावर लिहून दाखवलं होतं, व्याकरणाच्या निमित्ताने. आता त्यांचाच पक्ष, पार्टी क्वेबेक्वा, पुन्हा म्हणतो आहे, सत्ता द्या, पुन्हा सार्वमत घेतो. तोवर आमची नागरिकत्वाची शपथ होऊन गेली असेल. भाषेच्या प्रत्येक कायद्याची मी बाणेरपुढे वकिली केली आहे, तरी मतपत्रिका हातात आली की मी 'नाही'वरच खूण करणार, हे मला आजच माहीत आहे. पासपोर्ट, नवऱ्याची नोकरी, टोरांटोतले मित्र, सगळं त्याच बाजूला आहे. आणि निकालाच्या रात्री टीव्हीवर कुणी बाहेरून आलेल्यांच्या मतांकडे बोट दाखवलं, तर मी भयंकर संतापेन. मुंबईबद्दल असं मतदान झालं असतं आणि मी डोंबिवलीत असते, तर ते बोट माझंच असतं.