होळी जळाली, थंडी पळाली, पण तिथी बघून पळाली का?

शिमगा जवळ आला की हा मेसेज गावच्या ग्रुपवर फिरायला लागतो, यंदा काकांनीच टाकला म्हणून लिहितोय, राग मानू नका काका. मेसेजात म्हणतात, अमेरिकेत थंडी कधी संपणार ते बिळातल्या ग्राउंडहॉग नावाच्या प्राण्याला विचारतात, आपल्या पूर्वजांनी मात्र अचूक तिथीच काढून ठेवली, होळी पेटली की थंडी संपली, शिवाय आगीने हवापण तापते.

आधी तिथीचं बघू. होळी 2023 ला 6 मार्चला होती, 2024 ला 24 ला, 2025 ला 13 ला. एरवी दरवर्षी साधारण 11 दिवस मागे येते, अधिक महिना आला की पुढे जाते. थंडी काय पंचांग बघून सामान बांधते? आणि आपल्या रत्नागिरीत तर काही गावांचे तेरसे शिमगे, म्हणजे होम (होळी पेटवणं) त्रयोदशीला, काहींचे भद्रेचे, होम पौर्णिमेला. मग खाडीच्या अलीकडून थंडी गेली नि पलीकडे दोन दिवस वस्तीला राहिली की काय!

आगीचं सोडाच. होमापाशी तोंड भाजतं, दहा पावलं मागे आलं की परत शाल.

कोकणात थंडी जाते ती वाऱ्यावर. जमिनीवरचा पूर्वेचा वारा टिकला नि समुद्रावरचा उशिरा सुटला की फेब्रुवारीतच घामाच्या धारा. 26 फेब्रुवारी 2025 ला मुंबईत सांताक्रूझला 38.7 डिग्री होतं, होळीला तेव्हा अजून पंधरा दिवस होते. उलटपण होतं, थंडी लांबते, आणि ते बागवाल्याला बरोबर कळतं कारण आंब्याच्या कलमांना पुनर्मोहोर, म्हणजे परत नवा मोहोर फुटतो नि आधी धरलेली वाटाण्याएवढी, गोटीएवढी फळं गळून खाली सडा पडतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यावर जिबरेलिक ॲसिडची फवारणी सांगितलीय, होळी लवकर पेटवा असं नाही सांगितलं.

आता तो ग्राउंडहॉग. पेनसिल्व्हेनियात 1887 पासून चाललंय, 2 फेब्रुवारीला त्याला सावली दिसली तर थंडी अजून सहा आठवडे. मोजा बोटांवर, 16 मार्च येतो, म्हणजे आपल्या होळीच्याच आसपास, कारण 20-21 मार्चला दिवसरात्र सारखे होतात नि तेव्हा ऊन चढणारच, मग भाकीत बिळातून येवो नाहीतर पंचांगातून. हसायचं तर दोघांना हसा.

म्हण खोटी नाही हो, पण ती भाकीत नाही, फाल्गुनातली सवयीची आठवण आहे. आमची आजीपण गोधड्या शिमग्यानंतरच धुवून माळ्यावर टाकायची, पण ते थंडी गेली म्हणून नाही, शिमग्यातली देवाची पालखी घरी येऊन गेल्याशिवाय तिला हातात वेळच नसायचा.