निपाणीकरांना उत्तर: ४७ टक्के आणि ‘मेलेला’ फोन

निपाणीकर,

‘बेळगावात बसून पोरांचे फोन बिघडवायचा धंदा. लिनिएजओएस ४७ टक्क्यांवर अडकलं, केबल काढली, आता तासभर नुसता लोगो फिरतोय. फोन मेला. बँकेचं ॲपही चालत नाही म्हणे.’ प्रतिक्रियेत एवढं लिहून मोकळे झालात. लिनिएजओएस म्हणजे कंपनीच्या सिस्टिमऐवजी फोनवर बसवायची, अँड्रॉइडवरच बेतलेली मोफत सिस्टिम; अशा सिस्टिमला कस्टम रॉम म्हणतात.

धंदा म्हणालात, तर मी कुणाकडून रुपया घेत नाही. २०१६ च्या डिसेंबरात सायनोजेनमॉड, म्हणजे लिनिएजचा पूर्वज, बंद पडलं, त्याच्या आधीपासून हेच करतोय. खानापूर-चंदगडची पोरं विचारतात, सांगतो. त्यांतलं कुणी अशा भाषेत बोललं नाही. असो.

आता ४७. साइडलोड, म्हणजे संगणकावरून केबलने फोनमध्ये सिस्टिमची फाइल पाठवणं, चालू असताना संगणकावर दिसणारा आकडा निव्वळ अंदाज असतो. रिकव्हरी (फोनमधला, सिस्टिम बसवायचा वेगळा छोटा प्रोग्राम) ती फाइल दोनदा वाचेल, एकदा तपासायला आणि एकदा बसवायला, वर थोडं इकडचं तिकडचं, असं एडीबी, म्हणजे संगणकावरचा फाइल पाठवणारा प्रोग्राम, गृहीत धरतं. म्हणून फाइलच्या साधारण २.१३ पट डेटा गेला की ते १०० टक्के दाखवतं. फाइल एकदाच गेली तर? १०० भागिले २.१३, म्हणजे ४७. तिथे थांबणं ही बहुतेक वेळा काम झाल्याची खूण! खाली ‘फेल्ड टु रीड कमांड: सक्सेस’ येतं; ‘फेल्ड’ बघून लोक घाबरतात, पुढचा शब्द वाचतच नाहीत.

खरा निकाल फोनच्या पडद्यावर बघायचा. ‘स्टेटस ०’, म्हणजे काम नीट झालं, असं येईपर्यंत केबलला हात लावायचा नाही. गूगलची ॲप्स हवी असतील तर रिकव्हरी पुन्हा सुरू करून, पहिल्या बूटच्या, म्हणजे नवी सिस्टिम पहिल्यांदा सुरू होण्याच्या, आधीच टाकायची. तेव्हा सिग्नेचर (फाइलवरची डिजिटल सही) जुळत नाही असं येतं, कारण त्या पॅकेजवर लिनिएजची सही नसते. ‘येस’ दाबून पुढे जायचं.

आणि लोगो फिरतोय म्हणजे फोन मेलेला नाही की हो! पहिल्या बूटला पंधरा मिनिटं लागू शकतात. त्यापुढे गेलं तर बहुधा ‘फॉरमॅट डेटा’, म्हणजे फोनमधला जुना डेटा पुसणं, राहिलंय. जुन्या सिस्टिमने एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेला डेटा नवीला उघडत नाही.

एक मान्य: कॅमेरा कंपनीच्या सॉफ्टवेअरइतका चांगला येईलच असं नाही. बँकेच्या ॲपचं म्हणाल, तर बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा, कंपनीने कुलूप लावलेला प्रोग्राम) उघडा दिसला की प्ले इंटिग्रिटी, म्हणजे गूगलची फोन तपासणी, अडवते. त्याला रॉम काय करणार? पण कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनला नवे सिक्युरिटी पॅच मिळतात, त्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत अवाक्षर नाही.

आता रिकव्हरीत जा, फॉरमॅट डेटा करा, मॉडेलचं कोडनेम (त्या मॉडेलचं अंतर्गत नाव) आणि फाइलचा शा-२५६ (फाइल बिघडली नाही ना हे सांगणारा आकडा) जुळवा, मग पुन्हा साइडलोड. शक्यतो यूएसबी २ चं पोर्ट. लॅपटॉपवरच करा, आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. आणि रागाच्या भरात बूटलोडर पुन्हा लॉक करू नका. कस्टम रॉम आत असताना लॉक केला तर बरेच फोन सुरूच होत नाहीत, आणि मग मला विचारू नका.