'आय विल गेट यू' म्हणजे 'मी तुम्हाला भेटेन' नव्हे

गेल्या आठवड्यात रात्री उशिरा भाचीचा फोन आला. सोमवारी तिची मुलाखत होती. तिथल्या बाईंना तिने एक मेल पाठवला होता आणि "मावशी, जरा बघ ना, बरोबर आहे ना?" म्हणून मला वाचून दाखवत होती. आधी पाठवायचं आणि मग विचारायचं, ही आमच्या घरातली जुनी खोड. मेलचं शेवटचं वाक्य होतं, 'आय विल गेट यू ऑन मंडे.'

"म्हणजे काय गं?"

"सोमवारी भेटते."

माझ्या भाचीने एका अनोळखी बाईंना लेखी कळवलं होतं की, सोमवारी बघतेच तुला.

हे तिला शिकवलं कोणी, तर व्हॉट्सअ‍ॅपने. 'एक शब्द, पूर्ण इंग्रजी' अशा मथळ्याचा तो फॉरवर्ड माझ्याकडे तीन ग्रुपांवर आला होता आणि तिन्ही वेळा मी न वाचता पुढे सरकले होते. आता मात्र वाचलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 'गेट' या क्रियापदाचे ऑक्सफर्डच्या शब्दकोशात ६४५ अर्थ आहेत. त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच अर्थ, 'मिळणे'. म्हणून भेटणे, पोहोचणे, होणे, समजणे, आणणे, कशालाही बेधडक 'गेट' लावा. 'गेट'पुढे क्रियापदाचं तिसरं रूप ठेवलं की कर्मणी प्रयोग तयार. 'गॉटन' हे अडाणी अमेरिकनांचं अशुद्ध रूप. आणि एका शब्दावर इतकी कामं ढकलणारी इंग्रजी मुळात दरिद्री भाषा, तिला काय घाबरायचं!

आकड्यापासून सुरुवात करू, कारण सगळा रुबाब त्या आकड्याचा आहे. ६४५ हा आकडा हवेतला नाही, पण तो 'गेट'चा नाही, 'रन'चा आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी 'रन'ची नोंद नव्याने लिहायला घेतली, त्यात त्यांचे नऊ महिने गेले आणि क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. २०११ मध्ये याची वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली होती. त्याआधी, १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत, सर्वांत लांब नोंदीचा मान 'सेट'कडे होता. कोणीतरी 'रन'च्या दारावरची पाटी उचलून 'गेट'च्या दारावर ठोकली, एवढंच. (देवनागरीत हे वाक्य फाटकाविषयी वाटतं, त्याला माझा इलाज नाही.)

पण समजा, आकडा 'गेट'चाच असता, तरी? शब्दकोशातला प्रत्येक अर्थ आपल्या अटी घेऊन येतो: पुढे कर्म कोणतं, मागे शब्दयोगी कोणतं, बोलणारा कोणत्या सुरात बोलतोय. शिवाय त्या मोजणीत शेकडो वर्षांपूर्वी वापरातून गेलेले अर्थही धरलेले असतात. म्हणजे अर्थ जितके जास्त, तितकं शिकायचं जास्त. फॉरवर्डवाल्याने नेमका उलटा हिशेब मांडलाय.

'मुळाशी मिळणे' या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. 'गेट' इंग्रजीत आला तो जुन्या नॉर्स भाषेतल्या 'गेटा'वरून, आणि त्याचा अर्थ मिळवणे, प्राप्त करणे असाच होता. 'फर्गेट' हा त्याच कुळातला, मिळालेलं हातातून निसटणं. 'आय गेट इट' म्हणजे 'कळलं', हेही त्याच वाटेने आलं. आपल्याकडे 'ग्रहण करणे' म्हणजे घेणेही आणि समजून घेणेही, तसंच. पण शब्द कुठून आला हे कळलं म्हणून तो आज कुठे राहतो हे कळत नाही. मूळ गाव ठाऊक आहे म्हणून कोणी तिथल्या पत्त्यावर आजचं पत्र टाकत नाही.

आता त्या 'कशालाही बेधडक'कडे येऊ. भाचीचा घात इथेच झाला.

'आय विल गेट यू' यात कर्म माणूस आहे, क्रियापद भविष्यातलं आहे आणि पुढे काहीच नाही. एवढंच वाक्य उच्चारलं की ते सूड उगवण्याची भाषा होतं. काळ बदलून 'आय गेट यू' म्हणा, तर 'तुझं म्हणणं कळतंय मला'. भविष्यकाळच ठेवा आणि शेवटी एक वस्तू जोडा, 'आय विल गेट यू अ चेअर', तर 'तुम्हाला खुर्ची आणून देते'. धमकी, समजूतदारपणा आणि आदरातिथ्य, तिन्ही त्याच तीन-चार शब्दांत. भेटणं यात कुठेच नाही. त्याला 'मीट' किंवा 'सी' हे साधे शब्द आहेत आणि ते कुणी जप्त केलेले नाहीत.

उलट बाजूने पाहा. मराठी शिकणाऱ्या एखाद्या परदेशी माणसाला कोणी सांगितलं की 'बघणे' म्हणजे डोळ्यांनी पाहणे, 'घेणे' म्हणजे घेणे, जोडून बेधडक वापर. तो बिचारा आपल्या साहेबांना प्रेमाने म्हणेल, "उद्या तुम्हाला बघून घेतो." हसू येतं ना? मग त्या मेलवर त्या बाईंना काय वाटलं असेल? आणि गंमत म्हणजे 'नोकरी भेटली' म्हणणाऱ्याला "भेटली नाही, मिळाली" असं टोकणारी मंडळीच हा फॉरवर्ड पाठवताहेत. मराठीतल्या भेटण्या-मिळण्यावर एवढा कडक पहारा, आणि इंग्रजीत दोन्हींना एकच 'गेट'!

भाचीला मी आणखी एक जोडी लिहून दिली. 'आय गेट टू गो' म्हणजे मला जायला मिळतं. 'आय हॅव गॉट टू गो' म्हणजे मला जावंच लागतं. एकात आनंद, दुसऱ्यात सक्ती. मुलाखतीत 'या नोकरीत प्रवास करावा लागेल' यावर बोलताना यातलं कोणतं वाक्य तोंडातून निघतं, यावर बरंच काही ठरू शकतं.

कर्मणी प्रयोगाचा नियम तर एका वाक्यात कोसळतो. 'गेट लॉस्ट.' फॉरवर्डच्या नियमाने याचा अर्थ 'हरवले जा' असा काहीतरी व्हायला हवा, प्रत्यक्षात तो 'चालता हो' आहे. 'गॉट मॅरीड' म्हणजे कोणी धरून लग्न लावून दिलं असं नाही, लग्न केलं. 'गॉट फायर्ड', 'गॉट कॉट' इथे कर्मणी आहे, मान्य. पण हे सगळं बोलण्यातलं. औपचारिक लिखाणात 'वॉज'च्या जागी सरसकट 'गॉट' घातला की मजकूर कट्ट्यावर उतरतो.

'गॉटन' अशुद्ध नाही, जुनं आहे. ब्रिटनमध्ये ते मागे पडलं, अमेरिकेत टिकलं. 'फर्गॉटन' म्हणताना ब्रिटिशही तेच रूप वापरतात, तेव्हा कोणी नाक मुरडत नाही.

राहता राहिली दरिद्री भाषा. याचं उत्तर द्यायला इंग्रजी लागतच नाही. पाहिलंत, 'लागत' आलंच! भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, वेळ लागतो, डोळा लागतो, नजर लागते, नाद लागतो. दार लागतं, दिवा लागतो, मूल बोलायला लागतं. तो तुझा कोण लागतो? 'गाडी लागली' म्हणजे फलाटावर आली की पोटात ढवळलं, हे आपण चेहरा बघून ओळखतो. एक क्रियापद दहा घरी राबतं म्हणून भाषा दरिद्री ठरत असेल, तर त्या रांगेत आपण बरेच पुढे उभे आहोत.

भाचीने त्याच रात्री दुसरा मेल पाठवला, 'सी यू ऑन मंडे' असा, आधीच्याबद्दल दिलगिरी व्यक्त करून. मुलाखत झाली. चार दिवसांनी उत्तर आलं, 'वी विल गेट बॅक टू यू.' लगेच मला फोन.

"मावशी, हे कळवतो म्हणतायत की बघून घेतो?"

"कळवतो. 'बॅक'च्या पुढे 'टू' आहे ना? 'अ‍ॅट' असतं तर वचपा काढतो असं झालं असतं."

"थांब," म्हणाली, आणि मेल पुन्हा उघडून तिने 'टू' आहे याची खात्री केली.