टाळूवरची खपली, तेल आणि तुमचा चार वर्षांचा नातू

काकू, नमस्कार.

तान्ह्या बाळाच्या डोक्यावरच्या खपलीबद्दल मी लिहिलं होतं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्रीपासून तीन-चारदा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देते. तुम्ही म्हणता : "टाळू तेलानं भरू नका, डाळीच्या पिठानं घासू नका असं लिहून तुम्ही नव्या आयांना घाबरवून सोडता. आम्ही तीन मुलं आणि दोन नातवंडं अशीच वाढवली, कुणाला काही झालं नाही. खपली आली तशी जावळ काढल्यावर गेली. तुम्हाला शाम्पूवाल्यांचा माल खपवायचा आहे." आणि शेवटी जाता जाता एक ओळ : "धाकट्या नातवाच्या डोक्यात चार वर्षांचा झाला तरी कोंडा आहे, म्हणून मी रोज तेल चोळते, तेही आता बंद करू का?"

त्या शेवटच्या ओळीनं मला झोप लागली नाही. नातवाबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय, कृपा करून तिथपर्यंत वाचा.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. लेखात मी "डोक्याला तेल लावणं थांबवा" असं लिहून मोकळी झाले होते. ते वाक्य चुकलंच. आज सकाळी बदललं. खपली मऊ करायला तेलाइतका सोपा उपाय नाही. मेणासारखी घट्ट बसलेली असते ती, तेल मुरलं की कडा सुटायला लागतात. माझं म्हणणं एवढंच, की ते तेल डोक्यावर रात्रंदिवस ठेवू नये. लावावं, मुरू द्यावं आणि धुऊन काढावं.

का, ते माझ्या कामातलंच उदाहरण देऊन सांगते. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये नमुने तपासते. या खपलीशी जिचा संबंध आहे ती बुरशी म्हणजे मॅलसेझिया. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच संशोधकानं १८७४ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. माणसाच्या डोक्यावर राहणाऱ्या तिच्या जातींना लागणारी स्निग्धाम्लं (तेला-तुपातले घटक) स्वतः बनवता येत नाहीत, बाहेरून मिळावी लागतात. जंतू वाढवायच्या लॅबमधल्या नेहमीच्या प्लेटवर नमुना टाकला तर प्लेट कितीही दिवस ठेवा, कोरीच राहते. त्याच प्लेटवर ऑलिव्ह तेलाचा पातळ थर दिला, की काही दिवसांत सायीच्या रंगाचे ठिपके उठतात. हे मी कित्येकदा स्वतःच्या हातानं केलंय. म्हणून बाळाच्या डोक्यावर चोवीस तास थापलेलं तेल पाहिलं की मला ती प्लेट आठवते.

पण ही बुरशी तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्याच डोक्यावर असते. तिचं असणं म्हणजे घाण नाही, आणि आईनं काही हयगय केली असंही नाही. पोटात असताना आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे बाळाच्या कातडीतल्या तेलग्रंथी जन्मानंतर काही महिने जोरात चालतात. त्या तेलावर ही बुरशी पोसते आणि मेलेली कातडी गळून पडायच्या ऐवजी थरावर थर चिकटत जाते. बहुतेक बाळांना हे तीन आठवडे ते तीन महिन्यांच्या दरम्यान सुरू होतं. संप्रेरकांचा असर ओसरला, ग्रंथी शांत झाल्या, की सहा महिने ते वर्षभरात आपोआप जातं. बाळाला खाजही फारशी नसते. त्रास बघणाऱ्याला होतो.

आता जावळाचं बघा. खपली जायची वेळ आणि पुष्कळ घरांत जावळ काढायची वेळ साधारण एकच. जावळ काढलं, खपली गेली, श्रेय वस्तऱ्याला मिळालं. ज्यांनी जावळ काढलं नाही त्यांचीही गेली असती. जावळ जरूर काढा, मामाच्या मांडीवर बसवून हौसेनं काढा, पण डोकं स्वच्छ झाल्यावर. जाड खपलीवरून वस्तरा फिरला की खालची कातडी कापली जाते.

तुम्ही म्हणता मी घाबरवते. मला तर आयांच्या मनात आधीच बसलेली एक भीती काढायची आहे, टाळूला हात लावायची. खपली सगळ्यात जाड टाळूवरच का असते? कारण न्हाऊ घालताना बाकी डोकं चोळलं जातं आणि टाळूवरून हात नुसता फिरतो. टाळू म्हणजे कवटीची हाडं अजून जुळली नाहीत ती जागा. कातडीखाली चिवट पडदा असतो. बोटांच्या पेरांनी, हलक्या हातानं धुतलं तर तिथे काहीही होत नाही. हाडं वाढतात तशी ती भरत जाते, साधारण वर्ष ते दीड वर्षात. वरून लावलेलं तेल मेंदूपर्यंत पोचत नाही, त्यामुळे तेलानं टाळू लवकर भरत नाही आणि तेलावाचून उघडीही राहत नाही. टाळूकडे लक्ष द्यायचं ते वेगळ्या कारणासाठी : जुलाब-उलट्यांत ती खोल गेली, किंवा बाळ शांत असताना फुगलेली दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर.

माझी लेक सात आठवड्यांची होती, मी माहेरी होते. न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींचा हात फार चांगला, अंग असं काही चोळायच्या की पोरगी न्हाणीघरातच पेंगायची. पण टाळूवर तेलाची धार धरायच्या आणि तिथे बोट लावायच्या नाहीत. बाकी डोकं लख्ख, आणि टाळूवर दोन बोटं रुंद पिवळी खपली. एका दुपारी खिडकीपाशी तिला पाजत बसले होते. उन्हात ते खवले तेलानं चमकत होते, एकाची कड उचललेली दिसली आणि माझं नख गेलंच. खवला निघाला तो चार-पाच बारीक केस घेऊन. खाली गुलाबी, ओली कातडी. पिवळसर पाण्याचा थेंब आला आणि वाळून त्याचीच नवी खपली झाली. तिसऱ्या दिवशी तिथे पू होता आणि दीड महिन्याच्या जागरणांनी आधीच थकलेली मी दवाखान्याच्या बाकावर रडत बसले होते. मलम लावून आठवड्याभरात बरं झालं, केसही आले. पण नखानं किंवा बारीक दातांच्या फणीनं खपली काढू नका, हे मी कळवळून का लिहिते ते तुम्हाला आता समजेल.

नंतर जे केलं आणि ज्यानं गेली, ते असं. आंघोळीच्या अर्धा तास आधी खोबरेल तेलाचे चार-सहा थेंब नुसत्या खपलीवर. मग बाळाच्या मऊ ब्रशनं किंवा पंच्याच्या ओल्या टोकानं गोल गोल, जोर न देता. सुटतील तेवढे खवले सुटू द्यायचे, उरलेले परवावर. मग लहान मुलांच्या सौम्य शाम्पूनं धुवायचं, टाळूसकट, आणि तेलाचा चिकटा जाईपर्यंत पाणी घालायचं. एक दिवसाआड असं केलं, दोन-अडीच आठवड्यांत डोकं मोकळं झालं. मोहरीचं किंवा ऑलिव्ह तेल मी घेणार नाही, दोन्ही कातडीच्या संरक्षक थराला चांगली नाहीत असं दिसून आलंय.

डाळीच्या पिठाचं म्हणाल तर मोठ्यांच्या अंगाला मीही दिवाळीत उटणं लावते. तान्ह्याच्या डोक्यावर मात्र ते कण खरखरीत पडतात, केसांत वाळून बसतात आणि आधीच लाल झालेली कातडी सोलवटते. काही घरी लिंबू चोळतात. ते तर नकोच, एक तर झोंबतं आणि त्यावर ऊन लागलं तर कातडीवर भाजल्यासारखे डाग उठतात.

पण पिठामागचा तुमच्या पिढीचा विचार मला पटतो. तुम्ही तेल लावून ते रोज काढतही होता. पिठानं, ऊन पाण्यानं, पण काढत होता. आताच्या कितीतरी घरांत पीठ गेलं, रोजचं न्हाणं गेलं, "डोक्यावरून पाणी नको, सर्दी होईल" आलं, आणि तेल तेवढं राहिलं. तुमची मुलं बरी राहिली यात त्या धुण्याचा मोठा वाटा होता असं मला वाटतं.

शाम्पूवाल्यांबद्दल : माझ्या लेखात एकाही कंपनीचं नाव नाही आणि मी कुणाकडून पैसे घेत नाही. एवढंच.

औषधांचंही थोडक्यात. मोठ्यांचा कोंड्याचा शाम्पू तान्ह्याला लावू नका. त्यातल्या काहींत सॅलिसिलिक आम्ल असतं आणि ते बाळाच्या कातडीतून रक्तात जाऊ शकतं. खपली कपाळावर, कानामागे, मानेच्या वळ्यांत पसरली, पाणी सुटलं, वास आला, बाळ डोकं घासायला लागलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. खपलीबरोबर दाबल्यावरही न फिकटणारे लाल-जांभळे ठिपके असतील, किंवा जुलाब थांबत नसतील आणि वजन वाढत नसेल, तर दिवस घालवू नका.

आता तुमचा नातू.

काकू, चार वर्षांच्या मुलाला कोंडा सहसा होत नाही. वर्षाच्या आसपास तेलग्रंथी झोपी जातात त्या वयात येण्याच्या सुमारास जाग्या होतात. मधल्या वर्षांत डोक्यातून पांढरं झडत असेल तर ते दुसरं काहीतरी असण्याची शक्यता जास्त. इसब असेल, सोरायसिस असेल, कधी नुसत्या लिखा असतात. आणि नेहमी हुकतं ते म्हणजे डोक्यातलं गजकर्ण, ज्याला आपल्याकडे खवडे म्हणतात.

माझ्या भाच्याचं असंच झालं. पाच वर्षांचा होता. दिवाळीत भेटला तेव्हा वहिनीनं त्याचं डोकं माझ्यापुढे केलं आणि मी, रोज हेच नमुने बघणारी बाई, वरवर बघून म्हणाले, "कोंडा असेल गं." मग तेल झालं, शाम्पू झाला, कुणीतरी औषधाच्या दुकानातून मलमाची ट्यूब आणून दिली. तिच्यात स्टेरॉइड होतं. अशी बरीच मलमं २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी मिळाली. चार दिवस लाली उतरली, घरचे खूश झाले, आणि खाली ते पसरत राहिलं. संक्रांतीपर्यंत डोक्याच्या मागच्या बाजूला लिंबाएवढी पिळपिळीत, पूवाली सूज आली. नमुना आमच्याच लॅबमध्ये आला. काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून तुटका केस बघितला, तर केसाच्या आत गोल गोल दाणे, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे खच्चून भरलेले. आपल्याकडे मुलांच्या डोक्यात ट्रायकोफायटॉन व्हायोलेसियम ही बुरशी नेहमी सापडते, ती अशीच केसाच्या आत शिरते. केस मुळाशीच तुटतो आणि कातडीवर काळा ठिपका उरतो. भाचा आता बरा आहे, पण रुपयाएवढ्या जागेवर अजून केस आलेले नाहीत, आणि ते येतीलच असं डॉक्टर सांगत नाहीत.

म्हणून तुमच्या नातवाला उद्या सकाळी उन्हात बसवा आणि कंगव्याच्या टोकानं भांग पाडत सगळं डोकं बघा. कुठे केस विरळ आहेत का, तुटून आखूड झालेत का, काळे ठिपके दिसतात का. मानेच्या मागे, कानामागे वाटाण्याएवढ्या गाठी हाताला लागतात का. यातलं काही दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. काही दिसलं नाही तरी न्या, कारण चार वर्षांच्या मुलाचं डोकं इतके दिवस झडत राहणं बरोबर नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, तेल आज थांबवा. तेलकट खवल्यातून नमुना नीट मिळत नाही. कुठलंही मलम लावू नका. आणि "एकदा टक्कल करून टाकू" असं कुणी म्हणालं तर तपासणी होईपर्यंत करू देऊ नका. ते तुटके केसच आम्हाला तपासायला लागतात.

गजकर्ण निघालं तर नुसत्या मलमानं ते जाणार नाही, मलम केसाच्या मुळापर्यंत पोचत नाही. पोटातून औषध घ्यावं लागतं, बहुधा सहा ते आठ आठवडे, आणि वरून बरं दिसलं तरी मधे सोडायचं नाही. औषधी शाम्पू दिला तर तो इतरांना लागण कमी व्हावी म्हणून. त्याचा कंगवा, टोपी, टॉवेल, उशीचा अभ्रा आतापासून वेगळा करा, आणि मोठ्या नातवंडाचं डोकंही बघा. तुम्ही रोज त्याला चोळता, तेव्हा तुमचं स्वतःचंही दाखवून घ्या. घरात मांजर असेल तर डॉक्टरांना सांगा, गजकर्णाच्या बुरशीची एक जात मांजराकडून येते.

ग्रिसिओफुल्विन नावाचं औषध लिहून दिलं, तर ते स्निग्ध जेवणाबरोबर जास्त चांगलं अंगी लागतं. डॉक्टरांना विचारून ते जेवतानाच द्या आणि त्याच्या वरणभातावर तूप सढळ हातानं वाढा.

काय निघालं ते मला इथेच कळवा. मी वाट बघते.