विल्यम्स टीम पोरीमुळे बुडाली? आधी तारखा पाहा

दारव्हा-दिग्रस भागातल्या ट्रॅक्टर गॅरेजवाल्यांच्या आणि कृषी केंद्रवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सार असं: फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींतली विल्यम्स टीम फ्रँक विल्यम्सनी शून्यातून उभी केली. बाहेरच्याला कधी वाटा दिला नाही, म्हणून ती जगज्जेती झाली. मग कारभार पोरीच्या, क्लेअरच्या हाती गेला आणि टीम तळाला गेली. शिवाय बड्या कंपन्यांच्या पैशापुढे घरच्या टीमचा निभाव लागला नाही. आणि शेवटी सल्ला, ‘पोरीच्या हाती धंदा देऊ नका.’

शून्यातून उभी केली, हे खरं. १९७७ मध्ये सुरू झालेल्या या टीमने ९ वेळा संघांचं आणि ७ वेळा ड्रायव्हरांचं विजेतेपद मिळवलं. १९८६ मध्ये गाडीच्या अपघातात फ्रँकचं शरीर लुळं पडलं, तरी त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही संघांचं विजेतेपद विल्यम्सकडेच होतं. या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच त्याच्या टीमची गोष्ट कुणी मोडूनतोडून सांगितली की राग येतो.

पोरीचा मुद्दा आधी घेऊ. क्लेअर २०१३ मध्ये उपप्रमुख झाली. प्रमुख म्हणून नाव शेवटपर्यंत फ्रँकचंच होतं. ती येण्याआधी काय चाललं होतं? टीमचं शेवटचं विजेतेपद १९९७ चं. २००६ मध्ये टीम आठवी. २०११ मध्ये अख्ख्या हंगामात ५ गुण आणि नववा नंबर. २००४ च्या ब्राझील शर्यतीनंतर जिंकली ती एकच शर्यत, २०१२ ची स्पेनची. म्हणजे घसरण सुरू होऊन पंधरा वर्षं होत आली तेव्हा पोरीने सूत्रं हाती घेतली. आणि तिच्या कारकिर्दीत २०१४ आणि २०१५ ला टीम तिसरी आली! त्यात मर्सिडीजच्या नव्या इंजिनाचा वाटा मोठा होता, पण मेसेजमध्ये ही दोन वर्षं गायबच आहेत.

तिच्या चुका मी झाकणार नाही. २०१८ मध्ये ७ गुण, २०१९ मध्ये १, २०२० मध्ये शून्य. २०१९ ला बार्सिलोनाच्या सरावात पहिले दोन दिवस विल्यम्सची गाडी ट्रॅकवर आलीच नाही, कारण ती तयारच नव्हती. ही जबाबदारी तिच्यावर येतेच. पण तेव्हा तांत्रिक बाजू सांभाळायला मर्सिडीजहून आणलेला पॅडी लो होता. त्याचं अपयश पाहून कुणी ‘पुरुषाच्या हाती कारखाना देऊ नका’ असा मेसेज काढला नाही.

आता ‘बाहेरच्याला वाटा दिला नाही म्हणून मोठी झाली’. हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण धंदेवाल्या माणसाला ते पटकन पटतं. टीम उभी राहिली तीच भागीदारीवर. पॅट्रिक हेड हा इंजिनिअर पहिल्या दिवसापासून सोबत होता, गाड्यांची अक्कल त्याची. पुढे २००९ ला टोटो वोल्फ या गुंतवणूकदाराने हिस्सा घेतला, २०११ ला शेअर फ्रँकफर्टच्या बाजारात गेले. तेव्हा वाटा दिलाच नाही, हेही खोटं. ताबा मात्र घराकडेच राहिला, आणि कामाच्या माणसाला निर्णयात जागा देण्याची वेळ आली की फ्रँकचा हात आखडायचा. विल्यम्सचा एड्रियन न्यूई हा त्या काळचा सर्वात हुशार डिझायनर. ड्रायव्हर ठरवताना आपल्याला विचारावं, एवढी त्याची अपेक्षा. १९९६ मध्ये टीमचा ड्रायव्हर डेमन हिल विजेतेपदाकडे चालला असताना त्याला न्यूईला न विचारता काढायचं ठरलं. न्यूई मॅकलारेन या दुसऱ्या टीमकडे गेला आणि १९९८ ला विजेतेपद मॅकलारेनचं झालं. विजेत्या ड्रायव्हरांचंही तेच. १९८७ चा पिके, १९९२ चा मॅन्सेल, १९९३ चा प्रोस्त, १९९६ चा हिल. जिंकल्यावर पुढच्या वर्षी यातला एकही विल्यम्समध्ये नव्हता. विल्यम्सला इंजिनं देणाऱ्या बीएमडब्ल्यूला टीम विकत हवी होती. फ्रँकने नकार दिला, तेव्हा २००५ मध्ये त्यांनी सॉबर ही टीम घेतली आणि इंजिनं तिकडे नेली. वोल्फही २०१३ ला मर्सिडीजकडे गेला. २०१४ पासून मर्सिडीजने सलग ८ वेळा संघांचं विजेतेपद घेतलं.

हे सगळे निर्णय क्लेअरच्या आधीचे, किंवा ती नुकती येत होती तेव्हाचे.

पैशाची चणचण खरी होती. २०१८ नंतर मार्टिनी या दारू कंपनीची जाहिरात गेली, ड्रायव्हर लान्स स्ट्रोलसोबत त्याच्या बापाचा पैसाही गेला. पण मल्ल्यांची फोर्स इंडिया टीम आठवा. तेच मर्सिडीज इंजिन, विल्यम्सपेक्षा लहान कारखाना, तरी २०१६ आणि २०१७ ला चौथी, दोन्ही वेळा विल्यम्सच्या पुढे. २०२० मध्ये डोरिल्टन या अमेरिकी कंपनीने विल्यम्स विकत घेतली, पैसा आला. तरी २०२४ ला ऑस्ट्रेलियात ड्रायव्हर अल्बनने सरावात गाडी ठोकली तर जास्तीची चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, नाही! दुसरा ड्रायव्हर सार्जंटला शर्यतीबाहेर ठेवून त्याची गाडी अल्बनला द्यावी लागली. नवे प्रमुख जेम्स वाउल्स यांनी सांगितलं की गाडीच्या सुमारे २०,००० भागांचा हिशेब एक्सेलच्या एका यादीत ठेवला जात होता. कोणता भाग कुठे अडलाय हेच कळत नसेल, तर गाडी वेळेवर कशी उभी राहील? ही जुनी पद्धत बदलायला घेतली आणि २०२५ ला टीम पाचवी आली.

मेसेजचा सल्ला इथल्या घरांत काय करतो तेही सांगतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात नवरा गेल्यावर शेती, सोसायटीचं कर्ज आणि लेकरं एकटीने सांभाळणाऱ्या बाया गावोगावी आहेत. त्यांना ‘तुला जमेल का’ असं कुणी विचारलं नव्हतं. आणि आयटीआयतून डिझेल मेकॅनिक झालेली माझ्या ओळखीची एक पोरगी बापाचं गॅरेज चालवायचं म्हणते, तर घरातल्याच काकांनी तिला हा मेसेज पाठवला. काका, पोरीला हिशेब येतो का, कारागीर तिचं ऐकतील का, पार्टचा स्टॉक ती कसा ठेवणार, हे खुशाल विचारा. विचारायलाच पाहिजे. पण नाही म्हणायचं असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर म्हणा, त्यासाठी विल्यम्सचं नाव पुढे करू नका.