एसीला गप्प कसं बसवावं

आधी अभिनंदन. मे महिन्यात, पारा 43 वर टेकलेला असताना, पत्र्याच्या बारा फुटी डब्यात झोपून मराठवाडा बघायचा, हे येरागबाळ्याचं काम नाही. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे वाक्य लहानपणापासून ऐकलंत आणि जर्मनीत असतात तसला, गाडीमागं ओढायचा ट्रेलर बांधून घेतलात. औंढ्याला पोचेपर्यंत चार जणांनी "आइस्क्रीम हाय का ओ?" विचारलं असेल, तर ते मनावर घेऊ नका. तुमचं खरं दुखणं छतावर बसलंय. डोक्यापासून दोन हातांवर एसी, आणि रात्रभर पिठाची गिरणी.

एसी हलतो म्हणून वाजतो, हे तुमच्या मेव्हण्यांनी खालून नुसतं बघूनच ओळखलंय. तेव्हा पाना काढा आणि आतले चारही बोल्ट आवळा. छताला 14 इंची चौकोनी भोक असतं, त्यावर एसी बसतो आणि दोघांच्या मध्ये फोमची गादी असते. ती निम्मी दबली की हात थांबवायचा असतो, कारण कंप्रेसरची थरथर पत्र्यात उतरू न देणं एवढ्यासाठीच ती तिथं आहे. पण निम्म्यावर थांबायला आपण काय रस्त्याचं कंत्राट घेतलंय? गादीचा पापड होईस्तोवर आवळा. शेकून ताणलेली हलगी कशी खणखणीत बोलते, तसं आता छत बोलू लागेल. आधी एकटा एसी वाजत होता. आता भांड्याच्या फळीवरचे चमचेसुद्धा साथीला येतील.

मग थर्माकोल आणा. स्वस्त आहे, पांढराशुभ्र आहे, गणपतीच्या मखरातला उरलेलाही चालतो. तो उष्णता अडवतो हे खरं. पण आवाज अडवायला वजन लागतं आणि थर्माकोलकडे नेमकं तेच नसतं. त्यावर अंड्याचे ट्रे चिकटवा. भिंतीवरून परतणारा बारीक खणखणाट ते थोडासा खातात, कंप्रेसरची घुमघुम मात्र त्यांच्यातून सरळ चालत येते. आजोबांच्या माळवदाच्या घराला दीड-दोन हात जाडीच्या भिंती होत्या, तुळयांवर मातीचा थर होता. दारावरून वरात गेली तरी म्हातारा कूस बदलत नसे. ते घर आपण पाडलं. स्लॅब टाकला, स्लॅब तापला म्हणून एसी बसवला, एसीत कोंडल्यासारखं व्हायला लागलं म्हणून मोकळ्या हवेसाठी ट्रेलर घेतला, आणि मोकळ्या हवेत उकडतं म्हणून ट्रेलरवर एसी. क्रम अगदी सरळ आहे.

एवढ्यात कुणीतरी आवाज रोखायच्या काळ्या शीटचं बंडल घेऊन येईल आणि "आवाज निम्मा करून देतो" म्हणेल. लगेच पैसे द्या, प्रश्न विचारू नका. कानाला आवाज निम्मा वाटायचा तर साधारण 10 डेसिबल उतरावे लागतात आणि 10 डेसिबल म्हणजे आवाजाची शक्ती एक दशांशावर आणणं. नव्वद टक्के कापा, तेव्हा कुठं निम्मा फरक हाती लागतो. पीकविम्याच्या कागदावर सही केलेल्या माणसाला हा हिशेब वेगळा समजावायला नको. खात्री हवी असेल तर मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप घ्या आणि दर पाच मिनिटांनी आकडा मोठ्यानं जाहीर करा. तुमची आरोळीही त्यात धरली जाईल.

किरकोळ उपाय सुचवणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. फिल्टर धुवा म्हणतील. वरचं झाकण काढून बघा म्हणतील. पंख्याच्या पात्याला गांधीलमाशीनं मातीचं घर चिकटवलं असेल, पातं एका बाजूनं जड होऊन थडथडत असेल, झाकणाचा एखादा स्क्रू सैल असेल. थंड हवेचा झोत थेट उशीवर सोडू नका, आतून फोम लावलेल्या वळणाच्या वाटेनं आणा, पंखा मंद ठेवा, असंही सांगतील. यात ना खर्च, ना थाट. उद्या पाव्हण्यांनी विचारलं, "काय केलं?", तर काय सांगणार, स्क्रू पिळला? ट्रेलर लिंबाच्या सावलीत लावा, म्हणजे कंप्रेसरला कमी राबावं लागेल, हा तर कहरच. लिंबाखाली ड्रोनला ट्रेलर दिसणार कसा? नाथसागराच्या काठाला, उघड्या रानात, टळटळीत उन्हातच लावायचा.

रानात एसी चालवायला जनरेटर आलाच. तो ट्रेलरला खेटून ठेवा. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केलं की सुमारे 6 डेसिबल कमी होतात. पण त्याला लांब वायर लागते आणि रानातली वायर सकाळपर्यंत रानात राहत नाही. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा घालतात. हे निवासी क्षेत्र नाही, ऊस आहे. उसाला कान नसतात.

शेतकऱ्याला असतात. रात्रपाळीची लाइट आली म्हणून दोनच्या सुमाराला तो बॅटरी घेऊन दारं धरायला निघेल, बांधावर थबकेल आणि तुमच्या खिडकीवर टकटक करील.

"पाव्हणं, एवढ्या रातीचं काय दळायलाव?"

ज्वारी म्हणून सांगा.