‘अवेकनिंग्ज’मधली गोळी आणि खाजकुहिलीचं चूर्ण

आमच्या यवतमाळ-वर्धा पट्ट्यात गावोगावच्या ग्रुपवर सध्या एक संदेश फिरतो आहे. सोबत ‘अवेकनिंग्ज’ या इंग्रजी सिनेमाची छोटी क्लिप. खाली मजकूर असा: ही सत्यकथा आहे. चाळीस वर्षं कोमात असलेले रुग्ण एका डॉक्टरनं शोधलेल्या गोळीनं कायमचे बरे झाले. कंपन्यांनी ते औषध दाबून टाकलं. तेच औषध आपल्या धुऱ्यावरच्या खाजकुहिलीच्या बियांत असतं. म्हणून बेशुद्ध माणसाला दुधातून चूर्ण पाजा, दवाखान्यात पैसे घालू नका, चालू गोळ्याही बंद करा.

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. “सिस्टर, हे जरासक पाजू द्या ना,” म्हणत नातेवाईक वाटी घेऊन खाटेपाशी उभे राहतात. त्यांच्यावर रागावता येत नाही, पण संदेशातलं एकेक वाक्य तपासणं भाग आहे.

ते रुग्ण कोमात नव्हतेच. पहिल्या महायुद्धाच्या काळात मेंदूला सूज आणणारी एक विचित्र साथ आली. व्हिएन्नाच्या फॉन इकोनोमो यांनी १९१७ साली तिचं वर्णन केलं आणि साधारण १९२७ पर्यंत ती ओसरली. वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे काही वर्षांनी कंपवातासारखा, पण फार तीव्र आजार जडला. हालचाल सुरू करून देणारं डोपामाइन मेंदूत बनेनासं झालं आणि माणसं बसल्या जागी थिजली. डोळे उघडे, आजूबाजूचं बरंचसं कळतंय, पण हात उचलायचा हुकूम हातापर्यंत पोहोचत नाही. अंगावर फेकलेला चेंडू मात्र त्यातले काही पटकन झेलायचे. कोमातला माणूस चेंडू झेलत नाही. अपघातात डोक्याला मार लागला, मेंदूत रक्तस्राव झाला किंवा प्राणवायू कमी पडला, तर बिघाड वेगळा असतो. तो डोपामाइन वाढवणाऱ्या गोळीनं भरून येत नाही.

औषध त्या डॉक्टरनं शोधलं हेही खरं नाही. ते औषध म्हणजे लेव्होडोपा; मेंदूत जाऊन त्याचं डोपामाइन बनतं. कंपवाताच्या रुग्णांना ते व्हिएन्नात १९६१ सालीच देऊन पाहिलं होतं. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झिआस यांनी मोठ्या मात्रेत तोंडावाटे देऊन त्याचा गुण दाखवला. सिनेमातले डॉक्टर सेयर ज्यांच्यावर बेतले आहेत, त्या ऑलिव्हर सॅक्स यांनी १९६९ साली न्यूयॉर्कमधल्या बेथ अब्राहम रुग्णालयात ते या विसरल्या गेलेल्या रुग्णांना दिलं. १९७३ साली त्यावर पुस्तक लिहिलं, १९९० साली सिनेमा आला. सॅक्स यांचं मोठेपण औषध शोधण्यात नाही. ज्यांच्याकडे बघायचं सगळ्यांनी सोडून दिलं होतं, त्यांच्याकडे ते तासन्‌तास बघत बसले, यात आहे.

आणि कायमचे बरे? क्लिप जिथे संपते, तिथून पुढे सिनेमा बराच उरतो. रॉबर्ट डी नीरोनं साकारलेला लिओनार्ड उठतो, बोलतो, बाहेरच्या जगात जायला धडपडतो. मग त्याचं अंग झटके देऊ लागतं, मन संशयी होतं, आणि शेवटी तो पुन्हा थिजतो. प्रत्यक्षातही बहुतेकांना असे त्रास झाले. काहींना मात्रा कमीजास्त करत पुढे बराच काळ थोडाफार उपयोग होत राहिला, इतकंच. अर्धी गोष्ट सांगून आशा लावणं मला क्रूर वाटतं.

दाबून टाकलेलं औषध म्हणावं, तर लेव्होडोपा आणि कार्बिडोपाची जोडगोळी आज भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपवाताचे कितीतरी रुग्ण ती रोज घेतात.

खाजकुहिलीबद्दल मात्र संदेशात सत्याचा अंश आहे. तिच्या बियांत लेव्होडोपा खरोखरच असतं, आणि आयुर्वेद ही वनस्पती कपिकच्छू या नावानं फार पूर्वीपासून वापरतो. पण प्रत्येक बीत त्याचं प्रमाण सारखं नसतं. गोळीतलं कार्बिडोपा औषधाला मेंदूत पोहोचण्याआधीच खर्ची पडू देत नाही; ते चूर्णात नसतं. त्यामुळे मळमळ, उलटी होते, रक्तदाब उतरू शकतो. खरा धोका तर वाटीचाच आहे. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. तोंडात ओतलेलं दूध श्वासनलिकेत उतरतं, जीव गुदमरतो किंवा न्यूमोनिया होतो. गंगाजळ असो, मध असो की चूर्ण, शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात काहीही घालू नका.

“दवाखान्यात पैसे घालू नका” हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं. चांदीपुरा विषाणूला नाव मिळालं ते आपल्या नागपूरजवळच्या गावावरून. तिथे तो १९६५ साली सापडला. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी वाळूमाशी तो पसरवते. लेकरू सकाळी खेळत असतं, मग तापानं फणफणतं, झटके येतात आणि काही तासांत शुद्ध हरपते. विषाणूवर नेमकं औषध नाही, पण झटके थांबवणं, श्वास सांभाळणं, मेंदूची सूज आटोक्यात ठेवणं दवाखान्यातच होतं. तिथे अर्धा दिवस चूर्णात गेला, तर पुढे हाती काही उरत नाही.

मण्यारीचं तसंच. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत फारसं नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पापण्या पडतात, जीभ जड होते, हळूहळू सगळं अंग लुळं पडतं. हाक मारली तर ओ नाही, आणि घरचे म्हणतात, संपलं. पण विषानं स्नायू बांधले गेलेले असतात. आत माणूस जागा असू शकतो, ऐकतही असतो. प्रतिविष दिलं आणि व्हेंटिलेटरनं श्वास चालू ठेवला, तर तो काही दिवसांत उठून बसतो. सिनेमात पाहिलेलं उठणं विदर्भात खरोखर घडतं ते इथे. त्यासाठी १०८ ला लगेच फोन लागतो.

राहिली चालू गोळ्या बंद करण्याची गोष्ट. घरातल्या कंपवाताच्या म्हाताऱ्या माणसानं संदेश वाचून त्या सोडल्या असतील, तर आजच डॉक्टरांना सांगा. लेव्होडोपा एकदम थांबवलं की अंग लाकडासारखं ताठतं, जोराचा ताप चढतो, शुद्ध जाऊ शकते, आणि हे जिवावर बेततं. गोळीसोबतच चूर्ण घेत असतील, तर तेही सांगा. दोन्हींत औषध एकच असल्यानं मात्रा वाढते, भास होऊ लागतात.